निकष कोणाचा, वही कोणाकडे? किल्लारीनंतरच्या पैशाचं एक प्रकरण

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. सरकारी आकड्याप्रमाणे 7,928 माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, तळणी, राजेगाव, पेठसांगवी ही नावं तोवर औसा-उमरग्याच्या बाहेर कोणाला माहीत नव्हती, ती एका दिवसात देशभर पोचली. त्यामागोमाग पैसा आला. राज्य आणि केंद्र सरकारचा, जागतिक बँकेच्या कर्जाचा, परदेशी सरकारांचा, उद्योगसमूहांचा, वर्तमानपत्रांनी वाचकांकडून गोळा केलेला. मराठवाड्याच्या या कोरडवाहू कोपऱ्यात घरांसाठी एवढा पैसा एकाच वेळी पूर्वी कधी आला नव्हता.

त्या पैशाने किती घरं बांधली हे अनेकदा लिहून झालं आहे. इथे दोनच गोष्टी तपासायच्या आहेत: पैसा कुठल्या निकषाने वाटला, आणि तो कोणाच्या हातून गेला. लातूर-धाराशिव भागात आज घर, आरोग्य आणि तरुण मुलं यांसाठी स्थानिक निधी उभे करण्याची बोलणी चालू आहेत. कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, शहरात स्थिरावलेल्या गावकऱ्यांची मंडळं आहेत, 2025 च्या सप्टेंबरमधल्या महापुरानंतर मदत पाठवणारे गट आहेत. या सगळ्यांपुढे तेच दोन प्रश्न येतात. त्यांची उत्तरं आपल्याच मातीत तीस वर्षांपूर्वी एकदा देऊन पाहिली गेली आहेत. काही बरोबर होती, काही चुकली, आणि चुकलेली अजून उभी आहेत.

माणसं कशाखाली गेली

या भागातलं जुनं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आतून एक थर, बाहेरून एक थर, मधल्या पोकळीत दगडगोट्यांचा भराव आणि सांध्याला चिखल. वर लाकडी खांब, तुळया, किलचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळतीवर उपाय म्हणून माळवदावर आणखी माती टाकायची ही रीत. वर्षानुवर्षं माती चढत गेली आणि छताचं वजन वाढत गेलं. उन्हाळ्यात या घराइतका गारवा कुठे नाही, आणि एरवी ते पिढ्यान् पिढ्या टिकतंही. पण भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारे लांब दगड फारसे वापरलेले नसत. जमीन हलली तसे थर सुटे झाले आणि भिंत ढिगारा होऊन खाली आली. कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि माणसं दगडांखाली गेली.

हे इतकं सांगायचं कारण असं, की पुढच्या सगळ्या निर्णयांवर या दगडाची भीती स्वार झाली. वाचलेल्या माणसाला दगड नको होता. जुनं घर नीट बांधलं तर तेही टिकतं, हे पटवून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. अभियंता काही म्हणो, ज्या बाईने लेकरू ढिगाऱ्यातून काढलं ती पुन्हा दगडी भिंतीला पाठ लावून झोपायला तयार नव्हती.

अडीचशे, चारशे, साडेसातशे

सरकारने गावांचे तीन गट केले. सगळ्यात जास्त मोडलेली 52 गावं उचलून नव्या जागी वसवायची. त्याहून कमी नुकसानीची काही गावं आहे त्याच जागी बांधायची. उरलेली, म्हणजे अनेक जिल्ह्यांत पसरलेली दोन हजारांहून अधिक गावं, तिथली घरं दुरुस्त करून मजबूत करायची.

पहिल्या गटातल्या गावांत घर किती मोठं द्यायचं याचा निकष ठरला जमीन. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर ज्याची जमीन, त्याला 750.

या निकषामागे एक हिशेब होता. ज्याचा वाडा गेला तो मोठ्या घरावर हक्क सांगणार आणि त्याच्या संमतीशिवाय गाव हलणार नाही. घाई होती, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळा काढत होती, आणि सातबारा हा तयार कागद हाताशी होता. प्रशासनाच्या बाजूने बघितलं तर हे समजतं. तरीही मी हा निकष चुकीचा मानतो, आणि तो चुकीचा का हे तीस वर्षांत दिसून आलं आहे.

250 चौरस फूट म्हणजे जवळपास सोळा बाय सोळाची जागा. त्यात चूल, धान्याची कोठी, म्हातारी माणसं, शिकणारी मुलं, लग्न झालेला लेक आणि सून. भूमिहीन कुटुंबात माणसं कमी असतात असं कुठेच नाही. शेतकऱ्याचं काही सामान शेतातल्या कोठ्यावर राहू शकतं, जनावरं तिकडे बांधता येतात. मजुराकडे जे आहे ते सगळं घरातच. म्हणजे जागेची गरज ज्याला जास्त, त्याला जागा कमी. शिवाय अनेक पुनर्वसित गावांत एका मापाची घरं एका पट्ट्यात बांधली गेली. जमीन आणि जात यांचं आपल्याकडचं नातं लक्षात घेतलं, तर जुन्या गावातली वस्त्यांची रचना नव्या नकाशात, रुंद सरळ रस्त्यांसकट, पुन्हा काढली गेली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुष्कळ दलित आणि भूमिहीन कुटुंबांना पहिल्यांदा पक्कं घर मिळालं, घरापर्यंत रस्ता मिळाला, वीज मिळाली. जुन्या गावात पडवीच्या पुढे पाऊल टाकू न देणाऱ्या गल्ल्या संपल्या. हे छोटं नाही, आणि या पुनर्वसनावर टीका करणाऱ्या प्रत्येकाने ते आधी मान्य केलं पाहिजे. माझा आक्षेप एवढाच, की समतेची अशी संधी शंभर वर्षांत एकदा येते आणि ती सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मोजली गेली.

आज त्या गावांत गेलं की घरांपुढे आणि मागे पत्र्याची वाढवलेली दालनं दिसतात. कुठे विटांची, कुठे जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून आणलेल्या दगडांची. गावं मोठ्या क्षेत्रावर पसरली, त्यामुळे नळाची लाइन लांब, नाल्या लांब, दिव्याचे खांब जास्त, आणि देखभाल ग्रामपंचायतीच्या तोकड्या उत्पन्नातून. बांधून देणारे दाते परत गेले. घराच्या कबाल्याचा प्रश्न मात्र कित्येक वर्षं रेंगाळत राहिला: घरात राहतोय, पण मालकीचा कागद नाही, म्हणून कर्ज नाही, वाटणी नाही, विक्री नाही. घर देताना कागद दिला नाही तर घराची निम्मी किंमतच दिली जाते, आणि तो कागद नसण्याचा फटकाही 250 वाल्यालाच जास्त, कारण त्याच्याकडे तारण ठेवायला दुसरं काहीच नसतं.

दुरुस्तीचा कार्यक्रम आणि गावातल्या बायका

या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग मात्र तिसऱ्या गटात घडला, जिथे कोणी उद्घाटनाला आलं नाही.

दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात कुटुंबाला नुकसानीप्रमाणे 17 हजार किंवा 34 हजार रुपये मिळणार होते. पैसा हप्त्याहप्त्याने, बँक खात्यात, आणि पुढचा हप्ता कनिष्ठ अभियंत्याने आधीचं काम पाहिल्यावर. ठेकेदार नाही, घरमालकाने स्वतः करून घ्यायचं. कागदावर हा फार चांगला कार्यक्रम होता. जमिनीवर तो सुरुवातीला हलेना. पलीकडच्या गावाला नवं घर मिळतंय आणि आम्हाला दुरुस्ती, हा राग होता. दुरुस्ती म्हणजे काय हे कोणाला कळलेलं नव्हतं. अभियंते थोडे, गावं हजारोंनी. बँकेत खातं कसं उघडायचं, यादीत नाव का नाही, दुसरा हप्ता कशामुळे अडला, हे विचारायचं कोणाला?

इथे राज्य सरकारने लोकसहभागाचं काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे दिलं. प्रेमा गोपालन यांनी तिचं नेतृत्व केलं. 2022 साली त्या गेल्या. हजाराहून अधिक गावांत गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं आणि बंद पडलेली किंवा नावापुरती असलेली महिला मंडळं पुन्हा जागी केली गेली. बायकाच का, याचं उत्तर फार साधं होतं. पुरुष कामाला बाहेर, आणि घर कसं वापरलं जातं, कुठली भिंत ओली राहते, छत कुठे गळतं हे बाईला माहीत. गावातला पुढारी यादी स्वतःच्या घरात ठेवतो. महिला मंडळाच्या बैठकीत यादी वाचून दाखवावी लागते.

त्या बायकांनी नेमकं काय केलं हे जवळून बघण्यासारखं आहे. जुनी भिंत मजबूत करायची एक पद्धत अशी होती: भिंतीतले एक-दोन दगड हलक्या हाताने सोडवून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. असं साधारण दर तीन-साडेतीन फुटांवर. मग आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून राहतात. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरक्या पट्ट्या मारायच्या. यातलं काहीही अवघड नाही, पण प्रत्येक पायरीत चोरी करायला वाव आहे. सळई बारीक घातली तर भिंत बुजल्यावर दिसत नाही. सिमेंट कमी घातलं तर वर्षभर कळत नाही. काँक्रीटला सात दिवस पाणी मारलं नाही तर ते कच्चं राहतं, आणि पाणी तर बाईच्याच डोक्यावरून येणार. मिस्त्री म्हणतो झालं, साहेब म्हणतात ठीक आहे. दारात उभी राहून "मिस्त्री, सळई घालायच्या आधी दाखवा मला, भोक बुजवू नका," असं म्हणणारी बाई तिथे लागते. ती तयार झाली. पदराला हात पुसत तिने वाळू-सिमेंटचं प्रमाण शिकून घेतलं आणि शेजारणीला शिकवलं. हप्ता अडला तर चार बायका मिळून तालुक्याला जायला लागल्या, आणि साहेबांच्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसायला लागल्या. सासरच्या गल्लीत मोठ्याने न बोललेल्या बायकांसाठी हे केवढं होतं, हे या भागात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

कार्यक्रमाचा तांत्रिक हेतू तेवढ्या प्रमाणात साधला नाही, हेही नोंदवलं पाहिजे. बहुसंख्य कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी त्याच पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. अभियंत्यांना ते अज्ञान वाटलं. मला ते दुःखातून आलेलं आणि समजण्यासारखं वाटतं. दगडाशेजारी झोप येत नव्हती. पण त्याचा परिणाम असा झाला की कित्येक घरांत एक सुरक्षित खोली आणि तिला लागून पूर्वीइतकंच कच्चं जुनं घर, दोन्ही वापरात राहिली. पैसा देणाऱ्याने माणसाच्या भीतीला जागा ठेवून निकष केला असता, म्हणजे नवी खोली चालेल पण जुन्या माळवदाची माती उतरवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, अशी अट घातली असती, तर दोन्ही साधलं असतं.

आणखी एक त्रुटी निकषातच होती. नुकसान हा आधार धरला की ज्याच्याकडे पडण्यासारखं घरच नव्हतं तो मागे राहतो. कुडाच्या भिंती आणि पाचटाचं छप्पर माणसाला मारत नाही आणि पंचनाम्यात फारसं नुकसानही दाखवत नाही. भूकंपाच्या मदतीने भूकंपापूर्वीची गरिबी भरून काढायची नसते, असं कोणी म्हणेल. पण ज्या निधीला समता हा शब्द लावायचा आहे, त्याला हे उत्तर देऊन चालणार नाही.

काम संपल्यावर काय उरलं

दुरुस्तीचा कार्यक्रम 1998 च्या सुमारास आटोपला. संवाद सहायकाचं पद संपलं. एरवी अशा वेळी प्रशिक्षण घेतलेली माणसं घरी बसतात आणि संस्था पुढच्या जिल्ह्यात जाते. इथे मंडळं मोडली नाहीत, बचत गटांत बदलली. घराच्या हप्त्याचा हिशेब ठेवायला शिकलेल्या हातात बचतीची वही आली. 2001 च्या जानेवारीत कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या, तिथल्या बायकांशी बोलल्या, घर कसं बांधून घ्यायचं ते सांगितलं. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. भाषा येत नव्हती, तरी भिंत दाखवून बोलता येत होतं.

पुढे दुष्काळ आले. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो काळ सगळ्यांना आठवतो. याच बायकांनी या दुष्काळांच्या वर्षांत घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यात सोयाबीन किंवा उसाऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला असं खायचं पीक घेतलं. त्या कामासाठी स्वयम् शिक्षण प्रयोगला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं 2016 चं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मी याला शेतीइतकंच आरोग्याचं काम मानतो. ज्या घरात बाई शेवटी जेवते, तिथे तिच्या हातच्या एकरातली मेथी आणि मूग हीच तिच्या अंगातल्या रक्ताची सोय असते.

आरोग्याची दुसरी वाट अणदूरची. तुळजापूर तालुक्यातल्या या गावात हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांना शिकवून 'भारत वैद्य' तयार केल्या. आशा कार्यकर्ती ही सरकारी रचना 2005 नंतर आली. त्याच्या कितीतरी आधी या भागात ताप मोजणारी, गरोदर बाईची तपासणी करणारी, जखम धुणारी गावातलीच बाई उभी होती. दात्यांना दवाखान्याची इमारत आवडते, कोनशिला बसवता येते. पण इमारतीला डॉक्टर लागतो आणि डॉक्टर लातूर-सोलापूर सोडून मुक्कामी येत नाही. भारत वैद्य गावातच राहते. तिच्यावरचा खर्च मानधन, औषधाची पेटी आणि दर महिन्याचं प्रशिक्षण एवढाच, पण तो दरवर्षी करावा लागतो. दरवर्षी लागणारा पैसा द्यायला फार कमी लोक तयार असतात.

तरुण मुलांच्या वाट्याला

या प्रकरणातली सगळ्यात कमजोर बाजू ही.

अनाथ झालेल्या मुलांसाठी चांगलं काम झालं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं आणि वाघोलीत त्यांची सोय केली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. एकात मुलं दूर गेली पण मोठी संधी मिळाली, दुसऱ्यात मुलं आपल्या मुलखात राहिली. दोन्हींची गरज होती.

पण अनाथ नसलेल्या मुलांसाठी काय? त्यांच्यासाठी सरकारने नोकऱ्यांत भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण ठेवलं. त्याचा पुष्कळांना आधार झाला. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आणि शिक्षण दोन्ही होतं, तो तलाठी झाला, शिक्षक झाला, शिपाई झाला. मात्र या सवलतीचा फायदा घ्यायला आधी दहावी-बारावी व्हावं लागतं, परीक्षेची तयारी करावी लागते, लातूरला किंवा पुण्याला खोली करून राहावं लागतं. घरात भाऊ दोन-तीन असले की प्रमाणपत्र कोणी वापरायचं यावरून भांडण. बहिणीचं नाव त्या भांडणात येतसुद्धा नाही. जमिनीच्या निकषाने मिळालेलं घर आणि शिक्षणाच्या निकषाने मिळणारी नोकरी, दोन्ही ठिकाणी रांगेच्या टोकाला तेच कुटुंब उभं राहतं.

घरांच्या कार्यक्रमात बायकांच्या हातात वही आली तशी तरुणांच्या हातात कधीच काही आली नाही. त्यांच्यासाठी समाजमंदिर बांधलं, व्यायामशाळा बांधली, किल्ली सरपंचाकडे. सोळा बाय सोळाच्या घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या पोराला संध्याकाळी बसायला उजेड असलेली खोली हवी होती. पोरीला तालुक्याच्या कॉलेजला जायला सकाळची एसटी हवी होती, आणि ती बंद झाली की आगारप्रमुखाला जाऊन विचारणारं कोणीतरी हवं होतं. दहावी-बारावीच्या निकालांच्या लातूर पॅटर्नचा गवगवा राज्यभर झाला; त्याच जिल्ह्यातल्या पुनर्वसित गावातली मजुराची मुलगी बारावीला विज्ञान घेते का, हे आजही बापाच्या ऐपतीवर ठरतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हळहळ याची वाटते. तीस वर्षांत एक पूर्ण पिढी मोठी होऊन कामासाठी पुणे-चाकणला गेली, आणि तिला गावातल्या कुठल्याही निधीच्या बैठकीत कोणी बसवलं नाही.

आता निधी उभा करायचा तर

मराठवाड्यात आज घरासाठी सरकारी पैसा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार, वर रोजगार हमीतून मजुरी, शौचालयासाठी 12 हजार. घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. 1993 च्या भूमिहीनाला मिळालेल्या 250 पेक्षा फक्त एकोणीस चौरस फूट जास्त! अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे. पण घरकुल मंजूर होऊनही अडतं ते जागेपाशी. ज्याच्या नावावर नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरातला घर-जागेचा उतारा नाही, ज्याचं झोपडं गायरानावर, त्याला हप्ता सुटत नाही. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून अर्थसहाय्य मिळतं, परंतु जागामालक इसार मागतो तो आज, आणि सरकारी मंजुरी येते पुढे कधीतरी.

स्थानिक निधीने नेमकं इथे शिरावं असं माझं ठाम मत आहे. नवी घरं बांधायला तो कधीच पुरणार नाही. इसाराची रक्कम, मोजणीची फी, वारसनोंद, कबाला, हप्त्यांच्या मधल्या काळात सिमेंट-सळईसाठी बिनव्याजी उचल, एवढ्यावर त्याने लक्ष दिलं तर अडलेल्या घरकुलांना वाट मिळेल. थोडा पैसा, पण योग्य दिवशी. भूकंपानंतर दुसरा हप्ता अडल्यावर बायका जे करत होत्या तेच काम, फक्त हातात चार पैसे घेऊन.

त्यासाठी नवी संस्था काढायची गरज प्रत्येक वेळी नसते. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे गावागावांत बचत गटांचे ग्रामसंघ आहेत. त्यांच्याकडे फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी आणि जोखीम प्रवणता निधी असे वेगवेगळे पैसे येतात. यातला जोखीम प्रवणता निधी तर आजारपण, उपासमार, अचानक आलेलं संकट यांसाठीच आहे. रक्कम छोटी असते आणि ती कोणाला द्यायची हे ग्रामसंघ बैठकीत ठरवतो. दात्याने आपला पैसा या रचनेच्या बाजूने ठेवावा. ज्या गावात ग्रामसंघ एकाच भावकीच्या ताब्यात आहे तिथे हे चालणार नाही, हेही खरं. अशी गावं असतात आणि सीआरपी ताईंना, म्हणजे उमेदचं गावपातळीवरचं काम बघणाऱ्या बायकांना, ती माहीत असतात. तिथे आधी बैठकच नीट होऊ द्यावी लागेल, कधी वस्तीवर वेगळी घ्यावी लागेल. पैसा त्यानंतर.

निकषाबद्दल: अर्जात पहिला रकाना जमिनीचा नसावा. घरात झोपणारी माणसं किती, त्यात लग्न झालेली जोडपी किती, म्हातारी आणि अपंग किती, शिकणारी मुलं-मुली किती, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला वर्षातले किती महिने बाहेर. बाहेर गेलेलं कुटुंब गावसभेच्या दिवशी हजर नसतं म्हणून यादीतून गळतं. त्यामुळे वाटपाची बैठक ऑक्टोबर ते मार्चमध्ये घेऊ नये, किंवा घेतली तर टोळीबरोबर गेलेल्यांचे अर्ज आधी भरून घ्यावेत.

तरुणांसाठी निधीतला ठरावीक वाटा बाजूला काढून तो अठरा ते पंचवीसच्या मुलामुलींच्या गटाकडेच द्यावा, निम्म्या मुली ही अट घालून. ते अभ्यासिकेला दिवे लावतील, नाहीतर एसटीच्या पासाला पैसे देतील, नाहीतर नर्सिंगच्या प्रवेशाला निघालेल्या एखादीची पहिली फी भरतील. त्यांचा एखादा निर्णय मोठ्यांना पटणार नाही. दुरुस्तीच्या कार्यक्रमात बायकांनी नवी खोली बांधली तेव्हा अभियंत्यांनाही पटलं नव्हतं.

आरोग्यासाठी पाच वर्षांचा शब्द द्यावा, इमारतीचा नको. गावातल्या एका बाईचं मानधन, तिची पेटी, रक्त आणि साखर तपासायच्या पट्ट्या, आणि रात्री-अपरात्री गाडी करावी लागली तर ग्रामसंघाकडे हाताशी असलेली रक्कम.

राहिली वही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा आहे आणि नोंदणीकृत न्यासाला धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेब द्यावाच लागतो. तो सनदी लेखापाल करून देईल. त्याशिवाय गावाची वेगळी वही असावी, मराठीत, कोणाला किती, कशासाठी, कोणाचा अर्ज नाकारला आणि का, एवढे रकाने असलेली. ती ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचावी. नाकारलेल्या अर्जांची नावं वाचताना सुरुवातीला कुरबुर होते, कधी भांडणही होतं. तेव्हा वाचन थांबवू नये. ज्याचा अर्ज नाकारला त्याला त्याच बैठकीत बोलू द्यावं, आणि त्याचं म्हणणंही वहीत लिहून घ्यावं.